दिवसाउजेडी पाण्याचं लाँग एक्स्पोजर: सहा स्टॉप, दहा स्टॉप की व्हेरिएबल?

एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच; तिच्यामुळे उन्हातही शटर जास्त वेळ उघडा ठेवता येतो. तो घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किती गडद घेऊ? खरं तर आधी हे ठरवायला हवं, की फोटोत पाणी कसं दिसायला हवंय. धबधब्याच्या धारा सुट्या दिसाव्यात, पाण्याचा जोर जाणवावा असं वाटत असेल तर पाव ते एक सेकंद पुरतो. खडकावरून परतणाऱ्या लाटेच्या रेषा अर्ध्या ते दोन सेकंदांत छान उमटतात. समुद्र धुक्यासारखा सपाट हवा असेल तर मात्र अर्धं मिनिट ते काही मिनिटं लागतात. फिल्टर निवडायचा तो या वेळेवरून.

आता उन्हाचा हिशोब. लख्ख ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ असेल तर शटर स्पीड साधारण १/२५० सेकंद येतो. फिल्टरच्या एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून वेळ दुप्पट होते. तीन स्टॉपच्या एनडी८ने आपण १/३०वर पोचतो आणि तिथे पाणी धड गोठतही नाही, धड वाहतही नाही. सहा स्टॉपचा एनडी६४ पाव सेकंद देतो, दहा स्टॉपचा एनडी१००० चार सेकंद. फिल्टर न घेता अ‍ॅपर्चर एफ/२२पर्यंत बंद करून बघितलं तरी जेमतेम दोन स्टॉप मिळतात, आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळा फोटो मऊ पडतो.

सावलीत गणित बदलतं, आणि धबधबे बहुधा सावलीतच असतात. तिथे एफ/११ला १/३० मिळत असेल तर सहा स्टॉपने दोन सेकंद होतात. थोडा आयएसओ वाढवला की एक. दहा स्टॉपने तेच तीस सेकंदांच्या वर जातं. तेवढ्या वेळात धारांचा पोत पुसला जाऊन नुसता पांढरा पट्टा उरतो आणि काठावरची पानं हलून जातात. म्हणून एकच फिल्टर घ्यायचा असेल तर मी सहा स्टॉपचाच घ्या म्हणेन. ओढे, धबधबे, लाटा, या सगळ्यांना तो पुरून उरतो.

दहा स्टॉप समुद्र आणि तलावांसाठी. ढगाळ संध्याकाळी १/१५चा शटर त्याने मिनिटाच्या पुढे जातो, आणि तेव्हा पाणी खरोखर निवळतं. भर दुपारी मात्र तो एकटा कमी पडतो. चार सेकंदांत लाटेची रेषाही हरवते आणि हवा तो सपाटपणाही येत नाही. सहा आणि दहा एकावर एक लावले की सोळा स्टॉप होतात आणि तोच १/२५० चार मिनिटांच्या पुढे जातो. फक्त वाइड लेन्सवर दोन गोल फिल्टरांच्या कडा कोपऱ्यात दिसू शकतात, तेवढं बघून घ्या.

गडद फिल्टरबरोबर कामही वाढतं. फ्रेम आणि फोकस आधी ठरवून, फोकस मॅन्युअलवर टाकून मगच तो चढवायचा. तीस सेकंदांपुढे बल्ब मोड (आपण थांबवेपर्यंत शटर उघडा ठेवणारा) आणि रिमोट लागतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाकावा लागतो, नाहीतर मागून प्रकाश शिरतो. रंगाची झाक येते, म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. सहा स्टॉपलाही ट्रायपॉड हवाच, पण चूक लगेच दिसते आणि पुन्हा फोटो घेता येतो. शिकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

व्हेरिएबल एनडी मोह पाडतो, कारण एकच रिंग फिरवून सगळे स्टॉप मिळतात. पण तो म्हणजे एकमेकांसमोर फिरणारे दोन पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारे फिल्टर. जास्त गडद केला की वाइड लेन्सवर आभाळात फुलीसारखा काळा डाग उमटतो, आणि पाण्यावरची चमक किती राहील यावरही आपला ताबा राहत नाही. व्हिडिओत शटर ठरलेला असतो आणि उजेड बदलतो, तिथे तो उत्तम. पाण्याच्या स्थिर फोटोसाठी मी तो घेणार नाही.

त्याऐवजी साधा सर्क्युलर पोलरायझर घ्या. तो एक-दोन स्टॉप खातो, पण ओल्या दगडांवरची चमक काढून त्यांचा खरा रंग वर आणतो. हे काम एनडी करू शकत नाही, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्येही नीट होत नाही. दाट झाडीत कधी कधी त्याच्यावरच भागतं, एनडी लागतच नाही.

फिल्टरशिवाय अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढायचाही मार्ग आहे. ऑलिंपसने २०१९च्या ई-एम१एक्समध्ये ‘लाइव्ह एनडी’ नावाने हे कॅमेऱ्यातच आणलं. हाताने करताना १/२५०च्या फ्रेम जोडल्या तर फेसाचे ठिपके तुटक दिसतात. सहा स्टॉप लावून पाव सेकंदाच्या वीसेक फ्रेम घेतल्या तर पाणी सलग दिसतं आणि नॉइजही उतरतो. दहा स्टॉप परवडेपर्यंत हा चांगला पर्याय आहे.

गोल की चौकोनी, हा प्रश्न ग्रॅज्युएटेड (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) फिल्टर वापरणाऱ्यांपुरता. बाकीच्यांना गोल पुरे. तो सगळ्यात मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाचा घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. घरी आणल्यावर १/२५०ला बिनफिल्टरचा आणि चार सेकंदांना दहा स्टॉपचा असे एकाच दृश्याचे दोन फोटो काढून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ताडून बघा. छापलेले स्टॉप आणि खरे स्टॉप यांत थोडा फरक निघू शकतो, आणि दहा स्टॉपच्या हिशोबात तो पुढे दरवेळी धरावा लागतो.