१९७३ची फोक्सवॅगन कॅम्पर: दोन उन्हाळे आणि एक हिवाळा सांभाळल्यानंतर

फोक्सवॅगनची टी-टू, मॉडेल १९७३चं. पुढची काच एकसंध आणि बाहेरच्या बाजूला फुगीर, म्हणून इथे इंग्लंडमध्ये तिला सगळे 'बे विंडो' म्हणतात. इंजिन मागे, १६०० सीसीचं, हवेवर थंड होणारं, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. आतलं सामान सिडमथच्या डेव्हन कंपनीचं: दोन बर्नरची शेगडी, घडीचा पलंग, वर उघडणारं छप्पर. आम्ही डर्बीला राहतो आणि सुट्टी मिळाली की वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, कधी थेट कॉर्नवॉल. इथल्या मराठी मंडळींचा आणि कोल्हापूरच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: पन्नास वर्षांची गाडी, सारखी बंद पडत असेल ना? नाही पडत. या गाडीचं बहुतेक दुखणं आधी कळतं. आवाज बदलतो, वास येतो, दिवा लागतो, खाली थेंब दिसतो. तेव्हाच लक्ष दिलं तर खर्च किरकोळ असतो, नाहीतर खिसा रिकामा होतो.

घ्यायचा विचार असेल तर इंजिनाकडे कमी आणि पत्र्याकडे जास्त बघा. इंजिन थोड्या बोल्टांवर टांगलेलं असतं, जॅकवर घेऊन एका दुपारीत खाली उतरतं आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. ब्राझीलमध्ये ही गाडी थेट २०१३च्या डिसेंबरपर्यंत बनत होती, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. गंजाचं मात्र तसं नाही. पुढच्या चाकांवरचे पत्रे, दारांखालच्या पट्ट्या (सिल), जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छपराची पन्हळ, या सगळ्या जागी हात फिरवून, खाली झोपून, टॉर्च मारून बघायचं. चकचकीत रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा उरलेला नाही असं समजा. आमच्या गाडीचं इंजिन ठीकठाक होतं पण खालचा पत्रा शाबूत होता, आणि आम्ही तेवढ्यावरच ती घेतली. आजही तसंच करीन.

या इंजिनात रेडिएटर नाही, पाणी नाही. मागचा पंखा हवा ढकलतो आणि जेमतेम अडीच लिटर ऑइल उरलेली उष्णता वाहून नेतं. मूळ इंजिनाला ऑइल फिल्टरही नाही, नुसती जाळी आहे. म्हणून दर ५००० किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि जाळी धुवायची, यात कुचराई नको. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. खालची तापलेली हवा वर येऊन पुन्हा पंख्यात जाऊ नये म्हणून ते असतात. रबर फाटलं की इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं. आम्ही ते नवं बसवलं आणि चढावर ऑइलचं तापमान वाढण्याचा वेग स्पष्टपणे कमी झाला.

फॅन बेल्ट हा या गाडीचा जीव आहे. जनरेटर आणि पंखा दोन्ही त्याच्यावरच फिरतात. डॅशबोर्डवर जनरेटरचा लाल दिवा लागला तर 'चार्जिंग गेलं, बघू पुढच्या पंपावर' असं चालत नाही; पंखा थांबलेला असण्याची शक्यता धरून लगेच कडेला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं. कॉर्नवॉलला जाताना एम-फाइव्ह मोटरवेवर आमचा पट्टा तुटला. प्लग खोलायचा २१चा पान्हाच पुलीच्या नटाला लागतो, पुली फिरू नये म्हणून तिच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर अडकवायचा, पुलीचे दोन भाग वेगळे करून नवा पट्टा घालायचा. ताण कमी-जास्त करायला मधे पातळ वॉशर असतात: मधला काढला की पट्टा घट्ट होतो. काढलेला वॉशर फेकायचा नाही, तो नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायचा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबला की झालं. जादा पट्टा गाडीत नसेल तर लांबच्या प्रवासाला निघूच नका.

आता टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांवरची बारीक फट जुळवण्याचं काम. ज्यांनी चेतकचे पॉइंट घासलेत त्यांना या कामाची गोडी लगेच लागेल. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. मागे खाली सरकायचं, रॉकर कव्हरची, म्हणजे झडपांवरच्या झाकणाची, तारेची कडी स्क्रू-ड्रायव्हरने खाली ओढायची, कव्हर हातात येतं आणि चमचाभर ऑइल मनगटावर ओघळतं. ०.१५ मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) झडपेच्या दांड्यात आणि स्क्रूमध्ये किंचित अडखळत सरकलं पाहिजे. स्क्रू धरून नट आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासायचं. आठही झडपांचं माप मी वहीत लिहून ठेवतो, आणि ती वही फार उपयोगी आहे. थोडा वाजणारा टॅपेट इतका धोक्याचा नाही. एखाद्या एक्झॉस्ट झडपेचा गॅप दर वेळी कमी-कमी होत असेल तर ती झडप ताणली जात असते आणि एक दिवस तिचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. तीन नंबरच्या सिलिंडरची बदनामी यातूनच आहे: जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्या वाटेतली हवा अडवायचा. १९७१च्या सुमाराला कूलर बाजूला हलवला, तरी जाणकार अजून तीन नंबर आधी बघतात. मीही बघतो.

पेट्रोलचे पाइप हा विषय कुणीही हलक्यात घेऊ नये. कापडी विणीचा जुना पाइप वरून चांगला दिसतो आणि आतून तडकलेला असतो. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं, आणि जुनं रबर त्याने आणखी लवकर खराब होतं. आम्ही महागडं सुपर भरतो, ज्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच असतं, आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घालून घेतलेत. इंजिनाच्या वरच गळणारं पेट्रोल आणि शेजारी ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटर, एवढ्यावर अशा किती गाड्या राख झाल्यात. त्यात इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. ती पेटली की पाण्याने आग आणखी भडकते. ड्रायव्हरच्या सीटशेजारी अग्निशामक ठेवा, मागच्या कपाटात नको. इंजिनाचं दार उघडून आधी वास घ्यायचा, मगच स्टार्टर मारायचा, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम आहे.

गरम गाडी चहाला थांबवून पुन्हा सुरू करताना नुसतं 'टक्' ऐकू येतं, ही तक्रार सगळीकडे आहे. लोक घाईने नवा स्टार्टर घेतात. बऱ्याचदा किल्लीपासून मागे जाणारी लांबलचक जुनी वायर व्होल्टेज खाते, एवढंच असतं. एक साधा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवून घेतला, तेव्हापासून तक्रार नाही.

राहण्याच्या बाजूबद्दल थोडक्यात: छपराचा कापडी भाग ओला मिटला तर दोन दिवसांत बुरशी धरते, घरी आल्यावर उघडून वाळवायचाच. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. सकाळी काचांवर पाणी जमतं, त्याला इलाज नाही, खिडकी थोडी उघडी ठेवून झोपायचं. वेग तासाला ८५-९० किलोमीटर, लिटरला आठ-नऊ किलोमीटर. हीटर नावापुरता.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही आणि फार बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. ही सवलत मला पटत नाही. आम्ही दर वर्षी स्वतःहून तपासून घेतो, कारण ब्रेक आणि स्टीअरिंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं जायला हवं. मागच्या तपासणीत स्टीअरिंग बॉक्सला प्ले (ढिलेपणा) निघाला आणि गिअरच्या लांब दांड्याचा बुश, म्हणजे त्याला आधार देणारी कडी, झिजलेला निघाला. दुसरा गिअर शोधावा लागायचा त्याचं कारण तेच. बुश बदलला, गिअर आता बिनचूक पडतो. स्टीअरिंगचं काम हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात होईल तेव्हा काढणार आहे, कारण त्या दिवसांत गाडी तशीही बाहेर काढत नाही.