ग्रेडेशनला बसला असता तर 'सी'

मी कणकवलीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएटच्या चित्रकला ग्रेड परीक्षेला बसणारी पोरं स्मरणचित्रातल्या माणसांचे हात हमखास खिशात घालतात, नाहीतर पाठीमागे लपवतात. बोटं काढायची धास्ती, दुसरं काय! त्यातल्याच एकाने परवा मोबाइल पुढे केला. "सर, ह्याका पण हात जमनत नाय." बघतो तर 'वन-पंच मॅन'चं मूळ वेबकॉमिक.

बहुतेकांना त्याचा नायक सैतामा २०१५च्या अ‍ॅनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेमुळे, माहीत. पण 'वन' हे टोपणनाव घेतलेल्या जपानी पोराने २००९ मध्येच तो एकट्याने काढून इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली होती. संपादक नाही, प्रकाशक नाही. नायक टकलू, अंगात पिवळा सूट, हातात लाल मोजे. समोर कोणीही येवो, एका ठोशात आडवा, आणि म्हणूनच हा बिचारा कंटाळलेला. या ताकदीचं गुपित काय, तर तीन वर्षं रोज शंभर जोर, शंभर सिट-अप्स, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर पळणं. आमच्या तालमीत सांगितलं तर हसतील.

सुरुवातीलाच एक राक्षस भेटतो, खेकडे खाऊन खाऊन खेकडा झालेला. (कुर्ल्या खाऊन माणूस असा होत असता तर अख्खं मालवण आज आडवं चाललं असतं.) सैतामा तेव्हा बेकार, मुलाखतीच्या कपड्यांत. तो त्याला हरवतो तेही गळ्यातल्या टायने.

चित्रं? प्रमाण नाही, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान) नाही, सैतामाचं डोकं म्हणजे अंडं आणि त्यावर दोन टिंबं. माझ्या हातात पेपर आला असता तर 'सी' दिला असता, तोही हात सैल सोडून. पण पुढचं पान वाचल्याशिवाय मोबाइल परत देववेना. ह्या वनला कुठे थांबायचं ते कळतं. राक्षस भलंमोठं भाषण ठोकतो आणि त्यावर सैतामाचं ते अंडं. ते रेखीव काढलं असतं तर एवढं हसू आलं नसतं.

आणि मग तो समुद्राचा राजा नावाचा राक्षस येतो. मोठमोठे हिरो लोळलेले, पाऊस पडतोय, आणि मुमेन रायडर नावाचा हिरो सायकलवरून हजर. वर्ग 'सी', म्हणजे हिरोंमधला सगळ्यात खालचा. त्याला स्वतःलाच माहीत आहे की आपण जिंकणार नाही. तरी उठतो, मार खातो, परत उठतो. रेघा तशाच वेड्यावाकड्या. मी स्टाफरूममध्ये बसलो होतो, तास सुरू झाल्याची घंटा ऐकूच आली नाही. पुढे सैतामा त्या राजाला एका ठोशात संपवतो, आणि लोक बाकीच्या हिरोंची टिंगल करायला लागतात. तेव्हा तो सांगतो, त्यांनी आधीच त्याला दमवला होता, मी आयतं श्रेय घेतलं. ही जागा ज्याला सुचली, त्याला बोटं नाही आली तरी चालेल.

'आयशील्ड २१'चा चित्रकार युसुके मुराता यालाही हे पटलं असणार. त्याने स्वतःहून वनला गाठलं आणि २०१२ पासून तीच गोष्ट नव्याने काढायला घेतली. मुराताचा हात बघून मी पेन्सिल खाली ठेवली, खोटं कशाला बोलू. धातूवरची चकाकी, कोसळणाऱ्या इमारती, सगळं अफाट. पण पुढेपुढे हाणामाऱ्या इतक्या लांबतात की पान उलटताना गोष्ट कुठे होती ते आठवावं लागतं. वनकडे तीच लढाई चहा निवायच्या आत आटोपते.

वनच्या वेबकॉमिकबद्दल तक्रार एकच, नवा भाग कधी येईल याचा भरवसा नाही. २०१७ ते २०१९ मध्ये तर दोनेक वर्षं सगळं ठप्प होतं. वाचताना चौकटी उजवीकडून डावीकडे घ्यायच्या. मी पहिली दोन पानं उलटी वाचली, आणि तरीही हसलो.

त्या पोराने आता विचारलंय, परीक्षेत असं काढलं तर मार्क मिळतील काय? नाही म्हणून सांगितलं. मोबाइल मात्र शनिवारपर्यंत ठेवून घेतलाय.