केएनएक्स आयपी राउटर ७५१: मळ्याच्या दोन टोकांच्या इमारती एका बसवर आणताना

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना लागणाऱ्या पट्ट्यात, द्राक्षमळ्याच्या दोन टोकांना दोन इमारती असलेल्या एका अतिथीगृहाची वीज आणि स्वयंचलन व्यवस्था मी सांभाळतो. जुन्या, म्हणजे मुख्य इमारतीतले दिवे, पडदे आणि वातानुकूलन पहिल्यापासून केएनएक्स बसवर, म्हणजे इमारतीतली उपकरणे ज्या सामाईक तारेवरून एकमेकांना संदेश पाठवतात त्या तारेवर, आहेत. तिथे दोन लाईनींवर, म्हणजे बसच्या दोन शाखांवर, मिळून १०९ उपकरणे आहेत. तीन वर्षांपूर्वी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, साधारण २२० मीटरवर नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यात ४४ उपकरणांची आणखी एक लाईन आली. ही लाईन मुख्य इमारतीशी जोडण्यासाठी आम्ही वाइन्त्सिएर्ल या जर्मन कंपनीचा केएनएक्स आयपी राउटर ७५१, म्हणजे बसवरचे संदेश संगणकाच्या नेटवर्कवरून पलीकडे नेणारे उपकरण, दोन्ही इमारतींत एकेक बसवला. उपकरणाबद्दल माझे मत चांगले आहे. परंतु ते नीट चालावे यासाठी ज्या गोष्टी उपकरणाच्या बाहेर नीट असाव्या लागतात, त्यांनी आमचे पहिले चार महिने घेतले, म्हणून या परीक्षणात त्यांच्याविषयीच अधिक लिहावे लागत आहे.

दोन्ही इमारतींमध्ये बसची हिरवी केबलच का टाकली नाही, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. अंतराच्या हिशेबाने ती चालली असती, कारण एका लाईनवरच्या केबलची एकूण लांबी १००० मीटरपर्यंत आणि वीजपुरवठ्यापासून उपकरणापर्यंतचे अंतर ३५० मीटरपर्यंत चालते. अडचण अंतराची नव्हती, आकाशातल्या विजेची होती. मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर आमच्या उघड्या माळावर विजा पडतात, दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे आहे, आणि जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये क्षणभर निर्माण होणारा विद्युतदाबातला फरक तांब्याच्या तारेतून थेट बसवर येतो. सुमारे ३० व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणांना तो झेपणारा नसतो. सर्ज प्रोटेक्टर लावून धोका कमी होतो, पण इंटरनेट आणि कॅमेऱ्यांसाठी मळ्याच्या कडेने ऑप्टिकल फायबर आधीच गेलेली होती आणि काचेतून वीज वाहत नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटले. बिनतारी जोडणीचाही प्रस्ताव आला होता. तो मी नाकारला, कारण या राउटरांचे आपसातले बोलणे मल्टिकास्ट पद्धतीने, म्हणजे एकच पाकीट गटातल्या सगळ्यांना एकदम पाठवून, होते आणि वाय-फायवर मल्टिकास्टच्या पाकिटांची पोच घेतली जात नाही. एखादे पाकीट हरवले तर ते परत पाठवले जात नाही.

७५१ हे डिन रेलवर बसणारे, एका मॉड्यूलच्या म्हणजे १८ मिलिमीटर रुंदीचे उपकरण आहे. त्याला बाहेरून वेगळा वीजपुरवठा द्यावा लागत नाही, तो बसमधूनच घेतला जातो, आणि जुन्या पॅनेलमध्ये जागेची ओढाताण असलेल्या आमच्यासारख्यांना याचे मोल कळते. बसवरून टेलिग्राम, म्हणजे एका उपकरणाचा छोटा संदेश, सेकंदाला ९६०० बिट या संथ गतीने येतो. राउटर तो उचलतो, आपल्या फिल्टर तक्त्यात, म्हणजे पुढे जाऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, त्याचा ग्रुप ॲड्रेस (दिवे लावणे-विझवणे अशा एखाद्या कामाला दिलेला सामाईक पत्ता) आहे का ते पाहतो, आणि असल्यास यूडीपीच्या पाकिटात घालून २२४.०.२३.१२ या मल्टिकास्ट पत्त्यावर, ३६७१ या पोर्टवर सोडतो. त्या पत्त्याचे सभासद असलेले सगळे राउटर तो ऐकतात आणि आपापल्या लाईनवर उतरवतात. याला राउटिंग म्हणतात. याशिवाय हेच उपकरण टनेलिंग देते, म्हणजे लॅपटॉपवरच्या ईटीएसला (केएनएक्सची उपकरणे प्रोग्राम करण्याच्या सॉफ्टवेअरला) किंवा व्यवस्थापकाच्या टॅबलेटला नेटवर्कवरून बसवर येण्याची वाट देते; अशा पाच जोडण्या एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीसाठी एक स्वतंत्र भौतिक पत्ता, म्हणजे बसवर त्या एकाच उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक, राखून ठेवावा लागतो. राउटिंग आणि टनेलिंग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला नीट उमगले त्याचा पुढचा बराच त्रास वाचतो. आम्हाला ते उशिरा उमगले.

पहिली चूक पत्त्याची होती. मुख्य इमारतीत दोन्ही लाईन कपलर, म्हणजे एकेका लाईनला वरच्या मुख्य लाईनशी जोडणारी उपकरणे, १.१.० आणि १.२.० होते आणि त्यांच्या वरच्या मुख्य लाईनवर नवा राउटर १.०.० या पत्त्याने, म्हणजे एरिया कपलर (१ ने सुरू होणाऱ्या सगळ्या लाईनींच्या गटाला बाहेरशी जोडणारा) म्हणून आला. इथवर सर्व योग्य होते. काम घेतलेल्या कंत्राटदाराने मात्र नव्या इमारतीतल्या राउटरला क्रमाने पुढचा, म्हणजे १.३.० हा पत्ता दिला. कागदावर तो सरळ दिसतो, पण आयपी राउटर एरिया कपलर म्हणून बसला असेल तर त्याच एरियात खाली लाईन कपलर म्हणून दुसरा आयपी राउटर ठेवता येत नाही, हा या मांडणीचा मूलभूत नियम आहे. याचे कारणही सरळ आहे: १.०.० या राउटरच्या दृष्टीने १ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता त्याच्या स्वतःच्या बसच्या बाजूला असतो, त्यामुळे १.३.७ साठी आलेला टेलिग्राम तो आयपीकडे पाठवतच नाही. यात फसवे असे की ग्रुप टेलिग्राम फिल्टर तक्त्यावरून जातात, भौतिक पत्त्यावरून नाही. म्हणून नव्या इमारतीतले दिवे मुख्य इमारतीतून व्यवस्थित लागत आणि विझत होते, फक्त मुख्य इमारतीत बसून नव्या इमारतीतले एकही उपकरण प्रोग्राम होत नव्हते. लॅपटॉप घेऊन नव्या इमारतीत गेले की सर्व सुरळीत होई. दोन आठवडे सगळे फायबरला दोष देत राहिले. शेवटी नव्या राउटरला २.१.० पत्ता दिला, ४४ उपकरणांचे भौतिक पत्ते २.१ मध्ये नेले, आणि ग्रुप ॲड्रेस तेच राहिल्यामुळे दिव्यांच्या कार्यक्रमात काहीही बदलावे लागले नाही. हे काम एका दिवसात झाले, पण त्या दिवसापर्यंत पोहोचायला फार वेळ गेला.

दुसरा दोष अधिक खोल होता आणि ज्यांच्याकडे मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यांची मांडणी बदलता येते असे नेटवर्कचे स्विच, आहेत त्या सर्वांनी तो समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. दोन्ही इमारतींत कॅमेऱ्यांसाठी घेतलेले मॅनेज्ड स्विच होते आणि राउटर त्यांनाच जोडले होते. स्विच बंद करून सुरू केला की चार-पाच मिनिटे सगळे उत्तम चाले: स्वागतकक्षातले ‘सर्व बंद’चे बटण दाबले की नव्या इमारतीचा व्हरांडा अंधारात जाई. त्यानंतर दुवा गप्प होई. त्याच वेळी टॅबलेटवरून टनेलिंगने पाहिले तर दोन्ही राउटर जिवंत दिसत आणि प्रत्येक इमारतीतले दिवे त्या त्या इमारतीत लागत. कंत्राटदाराने राउटर सदोष आहे असे ठरवून तो बदलूनही दिला, आणि नव्या राउटरनेही तेच केले.

याचे मूळ स्विचमधल्या आयजीएमपी स्नूपिंग या सोयीत होते. मल्टिकास्टची पाकिटे सगळ्या पोर्टवर पसरू नयेत म्हणून स्विच कोणत्या पोर्टवर कोणत्या गटाचे सभासद आहेत याची यादी ठेवतो. राउटर सुरू होताना ‘मी २२४.०.२३.१२ चा सभासद आहे’ असे एकदा कळवतो आणि यादीत येतो. पुढे ही नोंद टिकवायची तर नेटवर्कवर कोणीतरी ठरावीक काळाने ‘अजून कोण सभासद आहे’ असे विचारावे लागते; विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. आमच्या नेटवर्कमध्ये स्नूपिंग चालू होते आणि क्वेरिअर कुठेच नव्हता. कोणी विचारले नाही म्हणून राउटरने पुन्हा सांगितले नाही, आणि प्रमाण मुदत, म्हणजे २६० सेकंद, संपल्यावर स्विचने नोंद पुसून टाकली. २२४.०.०.० पासून सुरू होणारा छोटा राखीव पट्टा स्विच नेहमी सर्वत्र जाऊ देतात, पण केएनएक्सचा पत्ता त्या पट्ट्यात येत नाही. टनेलिंग मात्र एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर थेट जाते, म्हणून ते शेवटपर्यंत निर्दोष दिसत राहिले आणि त्यानेच आमची दिशाभूल केली. मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू करायला पाच मिनिटे लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत हा दुवा एकदाही आपणहून तुटलेला नाही. बदलून आणलेला राउटर आज कपाटात राखीव म्हणून ठेवला आहे, कारण मूळच्या राउटरमध्ये कोणताही दोष नव्हता.

वीज गेल्यावर काय होते हेही पाहून ठेवावे. बस आणि राउटर वीज येताच काही क्षणांत तयार होतात, स्विचला मात्र दोनेक मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात इकडून तिकडे निघालेला टेलिग्राम कुठेही साठवला जात नाही, तो जातो तो जातोच. आम्ही दोन्ही स्विच आणि फायबरचे कन्व्हर्टर यूपीएसवर घेतले. आयपीवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर, कणा (सगळ्या लाईनींना जोडणारा मुख्य दुवा) टाकला की नेटवर्कची कपाटे ही इमारतीच्या विद्युत व्यवस्थेचाच भाग होतात, हे व्यवस्थापनाला पटवायला मला दोन बैठका लागल्या.

फिल्टर तक्त्याविषयी थोडे. हा तक्ता ईटीएस स्वतः तयार करते, परंतु ईटीएसच्या प्रकल्पात जी साधने दिसतात त्यांच्याच हिशेबाने. आमचा टच पॅनेलवरचा कार्यक्रम ईटीएसबाहेरचा असल्यामुळे त्याला हवे असलेले काही ग्रुप ॲड्रेस तक्त्यात आलेच नाहीत आणि नव्या इमारतीतल्या खोल्यांचे तापमान पॅनेलवर रिकामे राहिले. प्रकल्पात एक डमी, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले, उपकरण घालून त्याला ते ॲड्रेस जोडले आणि तक्ता पुन्हा उतरवला की हे सुटते. ७५१ च्या पुढच्या बाजूला फिल्टर तात्पुरता उघडण्याची बटणे आहेत, त्यामुळे अडथळा फिल्टरचा आहे की नेटवर्कचा हे लॅपटॉपशिवाय कळते. ही सोय मला फार उपयोगी पडली. मात्र तपासणी झाली की फिल्टर पुन्हा लावलाच पाहिजे. नेटवर्क कितीही वेगवान असले तरी पलीकडे ९६०० बिटचीच बस आहे, आणि तिच्यावर सेकंदाला जेमतेम चाळीस-पन्नास टेलिग्राम मावतात. आमच्या ऊर्जामापकांना दर पाच सेकंदांनी आकडे पाठवायला लावले होते, ते बदलून ठरावीक फरक पडल्यावरच पाठवावेत असे केले, आणि पडदे हलायला होणारा उशीर थांबला.

या उपकरणाची खरी उणीव सुरक्षेची आहे. ७५१ वर राउटिंगचे टेलिग्राम कूटबद्ध होत नाहीत. त्या नेटवर्कवर बसलेला कोणीही ते वाचू शकतो आणि स्वतःचेही टाकू शकतो. म्हणून आम्ही केएनएक्ससाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळे आभासी नेटवर्क, केले आणि पाहुण्यांच्या वाय-फायपासून ते पूर्णपणे तोडले. कंत्राटदाराने घरून दुरुस्ती करता यावी म्हणून इंटरनेटच्या राउटरवर ३६७१ हे पोर्ट उघडायचे सुचवले होते. मी त्याला ठाम नकार दिला आणि व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून येण्याच्या कूटबद्ध वाटेचा, आग्रह धरला. २०२१ साली जर्मनीत एका कार्यालयीन इमारतीची केएनएक्स उपकरणे अशाच उघड्या वाटेने शिरलेल्या कोणीतरी बीसीयू की (उपकरणाचे प्रोग्रामिंग अडवणारा पासवर्ड) लावून कुलूपबंद केली होती आणि मालकांना स्वतःचे दिवे हाताने सर्किट ब्रेकरवरून चालवावे लागले होते. आपल्या प्रकल्पात बीसीयू की स्वतः लावून ठेवणे आणि ती लिहून जपणे, एवढे तरी प्रत्येकाने आजच करावे. याच कंपनीच्या ७५२ सिक्युअर या राउटरमध्ये केएनएक्स आयपी सिक्युअरची सोय आहे, म्हणजे राउटरांमधले संभाषण कूटबद्ध होते. आज नव्याने घेणाऱ्याला मी ७५१ ऐवजी तेच घ्यायला सांगेन. फक्त एक लक्षात ठेवावे, की कण्यावरचे सगळे राउटर एकाच पद्धतीने बोलले पाहिजेत. एक सिक्युअर आणि दुसरा साधा असे ठेवून राउटिंग चालत नाही.

लहान तक्रारी दोनच आहेत. डिस्प्ले नसल्यामुळे राउटरला कोणता आयपी पत्ता मिळाला हे समोर उभे राहून कळत नाही, आणि पत्ता आपोआप घेण्याची मूळ मांडणी तशीच ठेवली तर पुढे तो बदलतो, म्हणून पहिल्याच दिवशी स्थिर पत्ता द्यावा आणि तो पॅनेलच्या दारावर चिकटवावा.

काम करून देणाऱ्याकडून काय लिहून घ्यावे हे मी या तीन वर्षांत शिकलो. ईटीएसच्या प्रकल्पाची अद्ययावत फाइल मालकाच्या ताब्यात हवी, कारण ती नसेल तर एक बटण बदलायलाही त्याच माणसाची वाट पाहावी लागते. भौतिक पत्त्यांची मांडणी कामाआधी कागदावर हवी. आणि स्विच कोण सांभाळणार, त्यावर स्नूपिंग आणि क्वेरिअरची स्थिती काय आहे, हे करारात स्पष्ट हवे, कारण वीजवाला म्हणतो ते नेटवर्कवाल्याचे काम आणि नेटवर्कवाला म्हणतो ते वीजवाल्याचे. येत्या हिवाळ्यात जलतरण तलावाजवळच्या इमारतीची चौथी लाईन या कण्यावर यायची आहे. तेव्हा तिन्ही ठिकाणी ७५२ सिक्युअर बसवायचे ठरले आहे आणि प्रत्येकासोबत येणारे किल्लीचे लेबल पॅनेलवर न ठेवता प्रकल्पाच्या फाइलीबरोबर तिजोरीत जाईल. पत्ता ३.१.० मी आत्ताच राखून ठेवला आहे.