तंबू कुठे: पवनेच्या काठी की शेतकऱ्याच्या आवारात?

दोन्हीकडे राहून झालंय. लोणावळ्याजवळच्या पवना धरणाकाठी तीनदा, जुन्नरकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात दोनदा. तंबू, बार्बेक्यू, सकाळचे पोहे यात फारसा फरक नाही, म्हणून ते सोडतो. काही बिनसलं तर जाब कुणाला विचारायचा, एवढंच बघू.

देखाव्यात पवना जिंकते, वादच नाही. समोर तुंगचा किल्ला, अलीकडे तिकोन्याचा, पहाटे पाण्यावर धुकं. जुन्नरला आपलं द्राक्षांचा मांडव आणि शेजारी ऊस.

पण पवनेच्या दुसऱ्या खेपेला, मे महिन्यात, वळवानं झोडपलं. दोन तंबू आडवे, गाद्या चिंब, सातही जण रात्रभर गाडीत. सकाळी पैसे परत मागितले. व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग घेणारा पोरगा म्हणाला, साइटवाल्याशी बोला. साइटवाला म्हणाला, मी फक्त जेवणाचं बघतो. जागामालक म्हणाले, मी जमीन भाड्यानं दिलीय, मला काय विचारता? तिघंही नम्र होते हो, पण जबाबदार त्यातला एकही नाही!

कायदा तसा आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त तक्रारीत समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे होता एक यूपीआय आयडी आणि फोनमध्ये ‘कॅम्पवाले दादा’. चार हजार रुपये सोडून दिले. रकमेपेक्षा ते तिघांकडे टोलवलं जाणं मला जास्त लागलं.

जुन्नरच्या पडवीत पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली ते मिळतं. पावतीवर मालकाचं नाव, गाव, फोन. त्या बदल्यात तेही आपल्याकडून वसूल करतात म्हणा. प्रत्येकाचं आधार, रजिस्टरवर सही, आणि रात्री दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद. आमच्यातला एकजण कुरकुरला, पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, मग जागा कुणाचीही असो. जुन्नर म्हणजे बिबट्याचा मुलूख. केंद्राच्या मालककाकांनी आल्याआल्या बजावलं, अंधार पडल्यावर उसाकडे फिरकायचं नाही, आणि संडासापर्यंत दिवे लावून ठेवले. धोका सांगणं हे त्यांचं काम, ते त्यांनी केलं. ऐकूनही आम्ही गेलो असतो तर पुढे भरपाई मागायला तोंड उरलं नसतं.

‘वाहन स्वतःच्या जबाबदारीवर’ ही पाटी मात्र दोन्हीकडे आहे. तिला फार घाबरू नका. दिल्लीतल्या एका हॉटेलात पार्किंगसाठी किल्ली देऊन सोपवलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सूचनेआड हॉटेलला लपू दिलं नाही. किल्ली सोपवलेली होती, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. आपणच लावून किल्ली खिशात ठेवली तर तोच न्याय लागेल असं धरून चालू नये.

पवनेचे सगळेच कॅम्प तसे नसतील. स्वतःच्या जमिनीवर, रीतसर बिल देऊन चालवणारे स्थानिकही आहेत, माझी गाठ पडली नाही इतकंच. आणि प्रमाणपत्र असलं म्हणजे गादी जाड असते असंही नाही. जुन्नरला माझी पाठ दोन दिवस धरली होती.

परवा मेव्हण्याने नंबर मागितला. जुन्नरचा दिला. पवनेचाही फोनमध्ये आहे, पण तो आता लागत नाही.