प्रोसेसरला महिना, मदरबोर्डला पंधरा मिनिटं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, नव्या कॉम्प्युटरचं सामान घरी आणलं. त्याला आता दहा महिने झाले. घेतल्या घेतल्या कौतुक लिहिण्यात अर्थ नसतो, म्हणून थांबले होते. थांबले ते बरंच झालं, कारण एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर यातलं निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

आधी माझं काम सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी पुस्तकांची मांडणी करते. इनडिझाइन दिवसभर उघडं, सोबत फोटोशॉप, आणि अलीकडे प्रकाशकांना पुस्तकाबरोबर एक मिनिटाचा व्हिडिओही हवा असतो, म्हणून थोडं एडिटिंग. गेम अजिबात नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, घ्यायचंही नव्हतं.

जुना कॉम्प्युटर २०१७ चा, आय५-७४०० चा. तो बंद पडला नव्हता, फक्त विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होता. आधी वाटलं, नुसता प्रोसेसर बदलू. आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डावरची त्याची बसायची जागा) तेच, ११५१. पण तो ३०० मालिकेच्या बोर्डावरच चालतो, माझ्या २०० मालिकेच्या बोर्डावर नाही. पिना मोजून उपयोग नसतो, चिपसेटही (बोर्डावरची नियंत्रक चिप) जुळावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. इतकं कळूनही पुढे मी तशीच चूक केली, ती येतेच आहे.

मार्चचा पूर्ण महिना तुलनेत गेला. एका बाजूला इंटेलचा कोअर आय५-१४५००, दुसऱ्या बाजूला एएमडीचा रायझन ५ ९६००एक्स. इंटेलकडे ६ मोठे आणि ८ छोटे मिळून १४ कोअर, २० थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं). रायझनकडे ६ कोअर, १२ थ्रेड. कागदावर इंटेल पुढे. शिवाय इंटेलच्या बी७६० चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, म्हणजे मागच्या पिढीच्या रॅमचे, मिळतात, म्हणजे माझी जुनी १६ जीबी रॅम तिथे लागली असती आणि सात-आठ हजार वाचले असते. रायझनच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ शिवाय काही चालतच नाही, जुनी रॅम थेट कपाटात.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या अस्थिरतेची चर्चा तेव्हा ताजी होती. ती मुख्यतः वरच्या मॉडेलांची. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४५०० त्यात नव्हता, त्यामुळे माझ्या निर्णयाचं ते कारण नाही. कारण सॉकेट होतं. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १४व्या पिढीनंतर पुढचा जिना नाही. त्यानंतरचे कोअर अल्ट्रा प्रोसेसर एलजीए १८५१ वर गेले. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. सात-आठ वर्षांनी एकदा खरेदी करणाऱ्या बाईला मधे फक्त प्रोसेसर बदलायची सोय मोलाची वाटली. म्हणून ९६००एक्स.

आणि बोर्ड? तो दुकानात उभ्या उभ्या ठरला.

स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरले. पाडव्याचा रविवार, दगडूशेठच्या बाजूला ही गर्दी. तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात गेले. मी प्रोसेसरचं नाव घेतलं तसा काउंटरवरचा म्हणाला, "ताई, बोर्ड बी६५० घ्या, बी८५० ला उगाच जास्त कशाला देता? जुन्या स्टॉकमधला आहे, कमी करून देतो." जुना स्टॉक हे शब्द ऐकून मी खूश झाले! चार रॅम स्लॉट, वायफाय, खाली एसएसडीसाठी दोन एम.२ जागा, बास. त्याने बिल फाडताना विचारलं, "कूलर?" ९६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, हे महिनाभराच्या अभ्यासात माझ्या नजरेतून सुटलं होतं. तोही घेतला. कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने सिंहगड रोडला घरी.

बसवायला भाचा आला होता. एएम५ च्या पिना प्रोसेसरवर नसतात, सॉकेटमध्ये असतात. १७१८ पिना, उजेडात धरलं की जरीच्या काठासारख्या चमकतात. सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग तरफ खाली आणताना कर्रकन आवाज होतो आणि काळं प्लास्टिकचं झाकण टुणकन उडतं. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला, भाचा म्हणाला, "मावशी, असंच असतं." ते झाकण टाकून देऊ नका. पुढे कधी बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लावून द्यावं लागतं, नाहीतर पिना वाकल्या म्हणून परत येतो.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. डीडीआर५ चं पहिल्यांदा सुरू होताना ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जमवून घेत असतो आणि त्यात काही मिनिटं जातात, हे वाचलेलं होतं. म्हणून थांबलो. श्रीखंड-पुरी झाली. वीस मिनिटं, अर्धा तास. काळाच.

गोम अशी की बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले आणि ९००० मालिकेचे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याआधी खोक्यात बंद झालेल्या बोर्डाच्या बायोसला (बोर्डातलंच, कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर माहीतच नाही. सॉकेट तेच, चिपसेट चालणारा, तरी गाडी अडली. म्हणजे ११५१ चा धडा दुसऱ्या वेषात. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरपुढे 'कोणत्या बायोसपासून चालेल' हा रकाना असतो. तो मी पाहिला नव्हता. रायझन ५ ७६०० घेतला असता तर हा बोर्ड बहुधा पहिल्या झटक्यात सुरू झाला असता, वर त्याच्या खोक्यात कूलरही येतो.

नशीब, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण होतं. हे मी पाहून घेतलं नव्हतं, आयतंच मिळालं. नव्या बायोसची फाइल उतरवायची, तिला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाकायची, ठरलेल्या यूएसबी खाचेत लावायची आणि बटण दाबून धरायचं. माझा मोठा पेनड्राइव्ह त्याने नाकारला. शेवटी सासूबाईंचा भजनांचा ८ जीबीचा पेनड्राइव्ह उसना घेतला, भजनं जुन्या कॉम्प्युटरवर ठेवून. सहा-सात मिनिटं दिवा लुकलुकला, थांबला, आणि पडद्यावर बोर्डाचा लोगो आला. तुमच्या बोर्डावर ते बटण नसेल तर दुसऱ्या कुणाचा जुना प्रोसेसर लावून बायोस बदलावा लागतो, किंवा दुकानदाराच्या हातापाया पडावं लागतं. दोनपाचशे वाचवायला हे बटण सोडू नका.

पुढचे काही दिवस सुखाचे. मग गुरुवार आला.

आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. यूपीएस वीस मिनिटं तगतो, नंतर मी सगळं बंद करून मागचा स्विचही काढते. दुपारी लाईट आल्यावर सुरू केलं तर पडद्यावर इंग्रजीत निरोप: सेटिंग पुसली गेली, पुढे जायला बटण दाबा. घड्याळ काही वर्षं मागे. घड्याळ मागे म्हणून ब्राउझर एकही संकेतस्थळ उघडेना, सगळीकडे प्रमाणपत्राची तक्रार. रॅमचा वेग ६००० ऐवजी ४८०० वर. सगळं पुन्हा लावलं. शुक्रवार ते बुधवार काही नाही. पुढच्या गुरुवारी तेच.

सलग तीन गुरुवार झाल्यावर घरात चेष्टा सुरू झाली की हिचा कॉम्प्युटर उपास करतो. मी रॅमवर संशय घेतला, एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद केलं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून पाहिला. दोष निघाला बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये, सीआर२०३२. प्लग चालू असतो तेव्हा बोर्डाला एसएमपीएसकडून थोडी वीज मिळत राहते, सेलची गरज पडत नाही. गुरुवारी मात्र सगळा भार त्याच्यावर. स्वस्तातला बोर्ड दुकानात पडून पडून त्याचा सेल उतरला होता. किराणा दुकानातही मिळतो तो सेल, तो बदलला आणि उपास सुटला.

बोर्डाचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच कंपनीचा दुसरा बोर्ड ओळखीच्या एकांकडे दोन वर्षं निमूट चालतोय, आणि जुना स्टॉक मी स्वतःच हसत घेतला होता.

आता प्रोसेसरबद्दल, ज्याच्यावर महिना घालवला. लिहिण्यासारखं फार काही नाही, हीच त्याची तारीफ. साडेतीनशे पानांच्या पुस्तकाची छपाईची पीडीएफ काढताना पूर्वी चहा टाकून यायचे, आता चहाचं निमित्त गेलं. मधल्या पानावर एक परिच्छेद घुसवला की पुढची शंभर पानं सरकायची ती जुन्यावर डोळ्यांसमोर सरकताना दिसायची. आता दिसत नाहीत. पण टास्क मॅनेजर उघडा: बारा चौकटींपैकी एक-दोन भरलेल्या, बाकीच्या निवांत. माझ्या कामाला एका कोअरचा वेग लागतो, कोअरांची संख्या नाही. १४ की ६ या हिशेबात रात्री जागवल्या त्या फुकट.

दिवाळीत खात्रीही झाली. भाच्याने स्वतःसाठी आय५-१४५०० घेतलाय, बी७६० डीडीआर४ बोर्डावर. एकच इनडिझाइन फाइल दोन्हीवर उघडून पाहिली. घड्याळ लावून फरक निघाला असेल, हाताला जाणवला नाही.

एका ठिकाणी मात्र भाच्याच्या कॉम्प्युटरने मला गप्प केलं. एका छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातल्या एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) क्लिप दिल्या होत्या. माझ्याकडे त्या टाइमलाइनवर अडखळत चालतात, कारण रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ उलगडता येत नाही, सगळा भार कोअरवर पडतो. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमतं. भाच्याकडे लोण्यासारखं चाललं. मी आता आधी प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवते आणि मग एडिट करते. तुमचं मुख्य काम लग्नाच्या व्हिडिओंचं असेल आणि ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल, तर माझं ऐकून रायझन घेऊ नका. भाच्याच्या बोर्डालाही खोट आहे म्हणा: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नाही, आणि १४५०० पूर्ण जोरात असताना १५४ वॉटपर्यंत ओढू शकतो. लांबलचक रेंडरला त्याचा वेग मध्येच मंदावतो. ६५ वॉट फक्त खोक्यावर वाचून बोर्ड घेतला की असं होतं.

उन्हाचं सांगायचं तर मे महिन्यात खोलीत पंखाच, एसी नाही. व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास राहिला. ९५ ही त्याची मर्यादा, त्यामुळे चिंता नव्हती. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट लावताना तेवढी काळजी घ्या. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा असतात, जास्त झालेली पेस्ट तिथे शिरते आणि पुसता पुसत नाही.

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायला जवळजवळ मिनिट लागायचं. बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' (रॅमचं आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारी सेटिंग) आणि सोबत 'पॉवर डाउन' ही दोन्ही चालू केल्यावर ते सुटलं. नुसतं पहिलंच चालू केलं तेव्हा निळा पडदा दोनदा दिसला होता. मागे यूएसबी सहाच, त्यातली एक जुन्या मराठी फॉण्टच्या डोंगलने कायमची अडवलेली. छापखान्याला अजून त्याच फॉण्टमधल्या फाइली लागतात, त्यामुळे डोंगल निघणार नाही. हब घ्यावा लागला.

चार रॅम स्लॉटचं मात्र मला हसू येतं. नोव्हेंबरात ३२ ची ६४ जीबी रॅम करावी म्हणून मैत्रिणीच्या तशाच दोन पट्ट्या आणून लावून पाहिल्या. ६००० वर पडदा काळा. एक्स्पो काढल्यावर चालू झालं, पण ३६०० वर. चार पट्ट्यांसाठी एएमडीने दिलेला आकडाही तोच आहे. म्हणजे चार जागा आहेत, पण चौघी बसल्या की सगळ्यांनी हळू चालायचं. पट्ट्या परत केल्या. ३२ च्या दोन नव्या घ्यायच्या तर आता रॅमचे भाव आकाशाला भिडलेत. पाडव्याला घेतलेल्याच किटचा भाव परवा विचारला, दुप्पट ओलांडून गेलाय. पाडव्यालाच ३२ च्या दोन घ्यायला हव्या होत्या, आणि बोर्ड दोन स्लॉटचा असता तरी माझं काही अडलं नसतं.

राहता राहिली स्लीपची कटकट. झोपवलेला कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा तरी उठायचा नाही, पंखे फिरायचे आणि पडदा बंद. या महिन्यात आलेला बायोस सासूबाईंच्याच पेनड्राइव्हवरून टाकला (त्यांना मी नवा घेऊन दिला, भजनांसकट). तेव्हापासून दोन गुरुवार गेले, एकदाही अडला नाही. तिसरा उद्या आहे.