पन्नास टोप्या, एक झेंडा आणि लाल कोंबडा

लालबागला चिवडा गल्लीपासून पाच मिनिटांवर निवडणुकीच्या सामानाचं एक दुकान आहे. झेंडे, बिल्ले, उपरणी, टोप्या. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. निवडणूक नसेल तेव्हा जा, हा पहिला सल्ला. मी गेलो तेव्हा शेठ गल्ल्यावर बसून मेथी निवडत होते.

माझी ऑर्डर जरा विचित्र होती. नोकरीपायी मी सहा वर्षं घानातल्या टेमा बंदराला काढली. तिथला माझा एक सहकारी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीचा, म्हणजे सीपीपीचा, पिढीजात मतदार. त्याच्या साठीला काय पाठवावं? काजूकतली तिथपर्यंत टिकत नाही. म्हटलं, त्याच्या पक्षाच्या टोप्या आणि झेंडा पाठवू.

या टोपीला इतिहास आहे. क्वामे एन्क्रुमांनी १९४९ मध्ये पक्ष काढला, घोषणा एकच: स्वराज्य, आणि तेही आत्ता. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. १९५१ ची निवडणूक ते तुरुंगातूनच जिंकले आणि तिथून थेट सरकारात गेले. सुटून आलेले कार्यकर्ते ‘पी.जी.’ लिहिलेली टोपी घालायचे. पी.जी. म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट, तुरुंगातला पदवीधर. ६ मार्च १९५७ ला मध्यरात्री देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर करताना एन्क्रुमांच्या डोक्यावर हीच टोपी होती.

काउंटरवरच्या पोराने कागद वाचला आणि विचारलं, “काका, पेइंग गेस्टची जाहिरात करताय का?”

मग मी तिथेच स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्या पक्षाच्या पोरांना विरोधक ‘व्हरांडा बॉइज’ म्हणून हिणवायचे, कारण घर नाही, दुसऱ्याच्या व्हरांड्यात झोपायचं. हे ऐकल्यावर आतून भरतकामवाले मामा मशीन थांबवून बाहेर आले. त्यांचे वडील गिरणीत होते, गॅलरीत पथारी टाकून पाळीपाळीने झोपायचे. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. टोप्या मामांनी स्वतः केल्या: जाड सुती कापड, दुहेरी शिवण, काळ्या धाग्यात अक्षरं. एकही धागा लोंबत नाही. पंचावन्न रुपयांत अशी टोपी दादरला मिळायची नाही. फक्त पन्नासच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. मला हव्या होत्या बारा.

झेंड्याचं मात्र त्यांनी वाटोळं केलं. सीपीपीचे रंग लाल, पांढरा, हिरवा; निशाणी लाल कोंबडा. कॉम्प्युटरवाल्याने सवयीने जुनी फाइल उघडली असणार, वरचा पट्टा भगवा. मध्ये चक्राच्या जागी कोंबडा! शेठने उघडून पाहिला आणि पटकन घडी घालून काउंटरखाली टाकला. “हा बाहेर दिसला तर आपण दोघं पोलीस ठाण्यात.” दुसरा फुकट करून दिला, पण त्यात आठवडा गेला आणि कापड साध्या पॉलिस्टरचं. धुतल्यावर लाल रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरला.

आता घानात ध्वजाच्या पांढऱ्या पट्ट्याची एक वेगळीच गंमत आहे. १९६४ मध्ये एन्क्रुमांनी एकच पक्ष ठेवला आणि राष्ट्रध्वजातला पिवळा पट्टा काढून पक्षाचा पांढरा घातला. १९६६ मध्ये लष्कराने त्यांना हटवलं, पक्षावर बंदी आली आणि पिवळा परत आला. ज्यांनी देशाचा झेंडा आपल्या रंगात रंगवला, त्यांना आज संसदेत एक जागा नाही. शेवटची मिळाली २००८ मध्ये, जोमोरो मतदारसंघातून, एन्क्रुमांच्याच मुलीला. २०१२ ला तीही गेली. २०१६ ला त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाव टक्काही मतं पडली नाहीत. आमचा गडी तरी दर वेळी कोंबड्यावरच अंगठा उठवतो. तिथे मतपत्रिकेवर अंगठाच लावतात.

कोंबड्याचं चित्र द्यायला मी विसरलो होतो. शेठ म्हणाले, “काळजी नको, नागालँडवाल्यांचा कोंबडा आहे आपल्याकडे.” नागा पीपल्स फ्रंटची निशाणी. शेवटी मी मोबाइलवर दाखवला तो छापला, पण नागालँडवालाही ठेवून घेतला, फारच देखणा होता.

एक विशेष सांगतो. तीन हजारांच्या आसपासची माझी ऑर्डर, पण शेठने ऑर्डरच्या वहीत एका मोठ्या पक्षाच्या खाली तशाच ठसठशीत अक्षरात लिहिली: ‘कोंबडा पार्टी, घाना. टोप्या ५०.’ मोठा पक्ष म्हणे दोन वर्षं उधारी फेडत नाही. मी रोख दिले.

टोपी पाच तारे, झेंडा दोन. झेंडा घेणार असाल तर सुती कापडाचा आग्रह धरा आणि छापण्याआधी स्वतः पडद्यावर बघा. बारा टोप्या टेम्याला पोहोचल्या. उरलेल्या अडतीसपैकी काही सोसायटीची पोरं क्रिकेटला घालतात, आणि समोरच्या विंगमधल्या दोघांनी मला खोलीचं भाडं विचारून झालंय.