राजा की राष्ट्राध्यक्ष? ऑस्ट्रेलियाचा पेच

ऑस्ट्रेलियात ब्रिटनचा राजाच राष्ट्रप्रमुख, पण नावापुरता. कारभारातली त्याची भूमिका गव्हर्नर-जनरल निभावतात. पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजा त्यांना नेमतो आणि काढतोही. हे एरवी सुरळीत चालते. पण राखीव अधिकार, म्हणजे पंतप्रधानांच्या सल्ल्याविना स्वतःहून वापरायचे अधिकार, कधी वापरायचे, हे घटनेत लिहिलेले नाही, सगळे संकेतांवर. 1975 मध्ये सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) अर्थविधेयके अडवली, तेव्हा गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले, ते याच फटीतून.

प्रजासत्ताक झाले की ही फट आपोआप बुजत नाही. 1999 मध्ये सार्वमताला ठेवलेल्या प्रजासत्ताकाच्या मसुद्यात संसदेने दोन-तृतीयांश मतांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता, पण पंतप्रधान त्याला लेखी आदेशाने तडकाफडकी काढू शकत होते. कनिष्ठ सभागृहाची मंजुरी नंतर, 30 दिवसांत. म्हणजे पंचाची नोकरी कप्तानाच्या हातात! थेट निवडणूक हवी असणारे अनेक प्रजासत्ताकवादीही विरोधात गेले आणि सुमारे 55 टक्के मते ‘नाही’ पडली. थेट निवडणुकीत मात्र जनादेश घेऊन आलेला अध्यक्ष पंतप्रधानांनाच आव्हान देऊ शकतो. त्यामुळे आधी राखीव अधिकार कागदावर यायला हवेत. राष्ट्राध्यक्षाला काढण्यासाठी भारताच्या घटनेचे अनुच्छेद 61 जास्त सुरक्षित: महाभियोग, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मते.

बदलाची वाटही अवघड. ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या कलम 128 नुसार सार्वमतात देशभर बहुमत हवे, शिवाय सहापैकी चार राज्यांतही. आजवरच्या 45 प्रस्तावांपैकी 8 मंजूर झाले. ब्रिटनच्या राजसत्तेखालीच असलेल्या कॅरिबियनमधल्या बार्बाडोसला मात्र सार्वमत लागलेच नाही. संसदेने घटना दुरुस्त केली आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी गव्हर्नर-जनरल सँड्रा मेसन याच राष्ट्राध्यक्ष झाल्या.